केबलचं सुतक

आमच्या चॅनेलवर एकदा हसायला बंदी आली होती. ती सरकारने घातली नव्हती, आबांनी घातली होती. सरकारने दुखवटा जाहीर केला तो झेंडे अर्ध्यावर उतरवण्यापुरता आणि सरकारी नाचगाणी रद्द करण्यापुरता. आबांनी तो चिक्कीच्या जाहिरातीपर्यंत पोचवला.

आबा म्हणजे लोणावळ्यातल्या आमच्या लोकल केबल चॅनेलचे मालक. मालक, संपादक, कॅमेरामन, आणि वीज गेली की जनरेटरची दोरी ओढणारेही तेच. बाजारपेठेत एका इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत ऑफिस होतं. खालून कायम गरम कपड्यांचा वास यायचा आणि वरून पावसाळ्यात छत गळायचं. मी तिथे एडिटिंग करायचे. पुण्यात कोर्स करून आले होते, मोठ्या स्टुडिओत जायची स्वप्नं होती, तोवर तात्पुरतं म्हणून इथे टेकले आणि काही वर्षं हललेच नाही. आबा खूश असले की मला ‘ताई’ म्हणायचे आणि चिडले की ‘मॅडम’. मी बहुतेक वेळ मॅडमच असायचे.

आता ते चॅनेल राहिलेलं नाही. लोक सगळं मोबाइलवर बघतात, म्हणून आबासुद्धा मोबाइलवर गेले. दशक्रिया विधीचं थेट प्रक्षेपण करतात. चॅनेलपेक्षा जास्त लोक बघतात असं सांगतात आणि त्यात खोटं काही नसावं, कारण मावळात दहावा हा लग्नाहून मोठा कार्यक्रम असतो. इंद्रायणीच्या घाटावर आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, मग कावळा. कावळा बिचारा सगळ्यांची भाषणं संपेपर्यंत झाडावर थांबतो आणि कधीकधी वैतागून येतच नाही. चॅनेल होतं तेव्हा आबांनी एकदा घाटावर माइक धरून एका पुढाऱ्याला सांगितलं होतं की साहेब, आवरा, पाहुणा वर ताटकळलाय. त्यानंतर त्या पुढाऱ्याने आमच्याकडे वाढदिवसाची जाहिरात देणं बंद केलं.

मयताला जाणं हे आबांचं व्यसन होतं. खंडाळ्यापासून इंदुरीपर्यंत कुठेही कुणी गेलं की आबांची मोटारसायकल निघालीच. टोपी आणि टॉवेल कायम डिकीत. ओळख असलीच पाहिजे असं काही नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘तो आपल्याला वळखत न्हवता हे खरं. पर आपन गेलो म्हनून काय त्याला राग येनार हाय व्हय?’ आबांशी वाद घालताना मला उत्तर नेहमी घरी पोचल्यावर सुचायचं.

दुसरी सवय म्हणजे कुठलंही चित्रीकरण आधी मुकं बघायचं. डोक्याला पंचा, मांडीवर भाकरी आणि ठेचा, आवाज बंद. आवाज बंद केला की माणसाच्या मनातलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. एखादा पुढारी उद्घाटनाचं भाषण करत असायचा आणि आबा घास चावत म्हणायचे, ‘ह्याची बायको घरी रुसलीय.’ मग तेच बोट माझ्या कीबोर्डवर ठेवायचे. त्या कीबोर्डला मी तिथे असेपर्यंत ठेच्याचा वास होता आणि एकदा त्यावरचा हात चुकून डोळ्याला लावून मी दिवसभर रडले होते.

चॅनेलच्या आधी आबा लग्नाचे व्हिडिओ काढायचे. त्या काळात त्यांनी एक कसब कमावलं होतं, ते म्हणजे माणूस काढायचं. लग्न व्हायचं, व्हिडिओ घरी जायचा आणि वर्षभरात भावकीत कुणाचं तरी बांधावरून वाजायचंच. मग मंडळी आबांकडे यायची. ‘आबा, ह्यातनं आमच्या दाजीला काढा.’ आबा काढायचे. दाजी जिथे उभे असतील तिथे फुलदाणी आणायची, नाहीतर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या. इंदुरीच्या एका लग्नात दाजी अगदी नवरदेवाच्या खांद्याला खांदा लावून होते, तिथे आबांनी गोल फिरणारा गणपती घातला. अख्खं लग्न नवरदेवाच्या शेजारी गणपती फिरतोय. पुढे समेट झाला आणि मंडळी म्हणाली, गणपती काढा आणि दाजी परत घाला. ते जमलं नाही, कारण मूळ चित्रीकरण आबांनी पुसून टाकलं होतं. ‘जुनं ठिवलं की चुकून लागतं’ हा त्यांचा नियम होता. दाजींनी गणपतीवर समाधान मानलं असं आबा सांगतात, पण त्या घरच्या पुढच्या लग्नाला आपल्याला बोलावलं नाही हेही तेच सांगतात.

तर त्या वर्षी उत्तरेत एका देवस्थानाच्या वाटेवर डोंगराची अख्खी कड खाली आली. खाली गाड्या होत्या, माणसं होती. दिवसभर टीव्हीवर तेच. आमच्याकडे डोंगर कुणाला नवे नाहीत. डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्या वाड्यांमधली माणसं पावसाळ्यात एक कान उघडा ठेवून झोपतात. आबा खुर्चीतून उठले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. भाकरी हातात तशीच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, चॅनेलला सुतक लागलं.’

मी म्हटलं, ‘आबा, सुतक घराला लागतं.’

‘मंग? आपन सकाळ-संध्याकाळ लोकांच्या घरातच घुसतो का न्हाई? घरात समदी रडत्यात आन आपन मधीच जाऊन दात काढायचं? कुटली रीत हाय ही?’

हे मला पटलं. आबांची अडचणच ही होती की त्यांची सुरुवात नेहमी पटण्यासारखी असायची. मोठी चॅनेलंसुद्धा अशा वेळी दोन-चार भडक जाहिराती मागे घेतात, दुःखाच्या बातमीनंतर लगेच कुणी नाचताना दिसू नये एवढं बघतात. पण आबांना थांबायचं कुठे ते कळायचं नाही. त्यांनी सुतकाचं सगळं शास्त्रच चॅनेलला लावलं. सुतकात देवाला हात लावत नाहीत, म्हणून सकाळची आरती बंद. सुतकात गोड करत नाहीत, म्हणून मिठाई आणि चॉकलेट फजच्या जाहिराती तेराव्यापर्यंत बंद. चिक्कीवर मात्र त्यांनी बराच विचार केला. शेवटी चिक्की हा उपवासाचा पदार्थ आहे, त्याला गोड म्हणता येणार नाही, असा निकाल दिला. लोणावळ्यात चिक्कीच्या जाहिराती बंद केल्या तर चॅनेलचाच दहावा घालावा लागेल हे त्यांनाही कळत होतं.

मग चालू राहिलेल्या जाहिराती सुतकाच्या करण्याचं काम माझ्याकडे आलं. साड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीतला ढोल काढून मी बासरी लावली. आबा म्हणाले, रंग लय हाय. रंग उतरवले. आणखी उतरवा म्हणाले. शेवटी पैठणीसुद्धा राखाडी झाली आणि त्यात चार बायका बासरीवर हळूहळू चालत यायच्या. दुकानदाराचा फोन आला की माझ्या आईने ही जाहिरात बघितली आणि विचारलं, कोण गेलं.

गादीवाल्याची जाहिरात त्याहून वाईट. तिच्यात एक गृहस्थ पांढरी चादर छातीपर्यंत ओढून, डोळे मिटून, तोंडावर समाधान ठेवून पडलेले. आबांनी मुकी बघितली आणि पंचाच काढला डोक्यावरचा. ‘मॅडम, ह्याला उठवून बसवा.’ आता पडलेला माणूस एडिटिंगमध्ये कसा बसवणार? सुरुवातीला तो गादीवर येऊन बसतो तेवढाच तुकडा होता, तो मी चार वेळा जोडला. माणूस येतो, बसतो. परत येतो, बसतो. झोप काही त्याला लागत नाही. गादीवाला म्हणाला, बसायला कोण गादी घेतं, आबा, माझा धंदा झोपेचा आहे.

एका भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच आठवड्यात होत्या. भाऊंचा एकही फोटो दात न दाखवता काढलेला नव्हता. कार्यकर्ते पेनड्राइव्ह भरून फोटो घेऊन आले, सगळीकडे भाऊ हसताहेत, अगदी पूरग्रस्तांना चादरी वाटतानासुद्धा. आबांनी आमच्या जुन्या बातम्या धुंडाळून भाऊंचा एक गंभीर फोटो शोधून काढला. तो मतमोजणीच्या दिवशीचा होता, भाऊ पडले तेव्हाचा. चॅनेलवर तोच दिवसभर फिरला आणि खाली पट्टी होती, ‘उदंड आयुष्य लाभो’. भाऊ स्वतः ऑफिसचा जिना चढून आले. आबांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, ‘भाऊ, देशात एवढी मानसं गेली, तुमी हसनार व्हय?’ भाऊ पाणी पिऊन परत गेले.

या सगळ्यापर्यंत मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. मग एक दिवस आबा म्हणाले, ‘डोंगर काढा.’

‘कुठला डोंगर?’

‘समदं. जाहिरातीत डोंगर दिसता कामा न्हाई. डोंगर पडून लोकं मेली आन आपन डोंगर दावून लोकास्नी फिराया बोलिवतो.’

‘आबा, लोणावळ्यातून डोंगर काढला तर उरतं काय?’

‘चिक्की.’

आमच्याकडची एकही जाहिरात डोंगराशिवाय नव्हती. तुंगार्लीचे बंगले भाड्याने, मागे डोंगर. प्लॉट घ्या, मागे डोंगर. दंतवैद्यसुद्धा डोंगरासमोर उभा राहून दात दाखवायचा. मी दोन दिवस तणतण केली आणि मग मार्ग काढला. धुकं. आमच्याकडे धुक्याचं चित्रीकरण पोत्याने पडलेलं होतं, भुशी धरणावरचं, तुंगार्ली तलावावरचं, रेल्वे फाटकाजवळचं. डोंगर आला की त्याच्यावर धुकं पसरायचं. कुणी विचारणारही नाही, कारण लोणावळ्यात धुकं दिसलं तर तक्रार कोण करणार? आबा इतके खूश झाले की मी संध्याकाळपर्यंत ताई होते. आणि नियमाप्रमाणे त्यांनी जाहिरातींच्या मूळ प्रती पुसायला लावल्या, चुकून डोंगर लागायला नको म्हणून.

सगळ्यात जास्त धुकं चिक्कीच्या जाहिरातीत गेलं. ही जाहिरात आबांनी स्वतः चित्रित केली होती, बाजारपेठेतल्या एका शेठच्या दुकानासाठी. शेठने पुण्याहून एक देखणा मॉडेल आणला होता. दरीच्या काठावरच्या कठड्याला टेकून त्याने चिक्की खायची होती. पण तिथला वारा बघून मॉडेल गाडीतून उतरेनाच. शेवटी आबांनी भाड्याने घेतलेल्या त्या गाडीच्या ड्रायव्हरला कठड्यापाशी उभं केलं. पोरगा इथलाच, डोंगराच्या वाऱ्यात वाढलेला. त्याने चिक्कीचा तुकडा दाताखाली धरला, तुटेना, हसायला लागला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, ‘लोणावळ्याला आलाय न्हवं, मग चिक्की न्या की.’ शेठला ते इतकं आवडलं की मॉडेलला वडापाव देऊन परत पाठवलं. आता त्या पोराच्या मागे दरी, दरीच्या पलीकडे डोंगर, आणि तो उभा अगदी मधोमध. डोंगर झाकताना पोरगाही झाकला गेला. खालच्या कोपऱ्यात हात आणि चिक्की तेवढी राहिली. आवाजही आबांनी काढायला लावला, कारण तो हसत होता. नुसतं दुकानाचं गाणं उरलं, तेही बासरीवर.

शेठ दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, ‘आबा, लोकांना वाटतंय माझ्या दुकानाला आग लागली.’ आबांनी सुतकाचं सांगितलं. शेठने हात जोडले आणि म्हणाला, ‘चॅनेल तुमचं आहे, झाका. दुकान माझं आहे. माझ्या दुकानातल्या टीव्हीवर डोंगर दिसणार, हसणं दिसणार, आवाज मोठा करून दिसणार.’ आणि खरोखर त्याने स्वतःकडच्या पेनड्राइव्हवरून गल्ल्यावरच्या टीव्हीवर ती जाहिरात पहिल्यासारखी दिवसभर फिरवत ठेवली. तेव्हापासून आबा त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे, मान वळवून.

आठवडा झाला असेल. दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात चपला नाहीत, डोक्यावर पदर. आत बोलावलं तरी उंबऱ्याच्या आत येईना.

‘केबलवालं आबा तुमीच का?’

‘व्हय, मीच. या आत, मावशी.’

‘न्हाई, हितंच बरी हाय. आमाला सुतक हाय.’

‘या, या. हितं बी सुतकच हाय,’ आबा म्हणाले.

इतके दिवस मी ज्या सुतकाला नाक मुरडत होते, त्याच्यामुळे ती बाई निर्धास्तपणे आत आली. खुर्ची दिली तरी खाली फरशीवर बसली. मूळची वरच्या वाडीची, तुंगार्लीत बंगल्यांची धुणीभांडी करायची आणि भावाकडे राहायची. मुलगा भाड्याच्या गाडीवर ड्रायव्हर. बंगल्याच्या मालकांना घेऊन देवाला गेला होता.

‘मालक-मालकीन देवळात व्हते, ते वाचले,’ ती म्हणाली. ‘ह्यो गाडीत बसून व्हता. गाडी सोडून कुटं जाऊ नको, असं सांगितलं व्हतं त्याला.’

तिने पुढचं अगदी सरळ सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. गाड्यांवर माती फार आहे, सगळी माणसं मिळणार नाहीत, वाट बघू नका, असं तिकडच्या साहेबांनी फोनवर कळवलं होतं.

‘त्यो तुमच्या टीव्हीत येतो, चिक्की खातो,’ ती म्हणाली. ‘म्हनून मी भावाच्यात दिसभर टीव्ही लावून बसते. चिक्कीचं गानं लागतं, मी फुडं सरकते, आन धुकंच येतं. रोज धुकंच. त्याचा हात तेवढा दिसतो. आज बाहीर लख्ख ऊन हाय, मंग टीव्हीत धुकं कुटनं आलं, म्हनलं जाऊन इचारावं.’

मी आबांकडे बघितलं नाही. आबांनी हळूच विचारलं, ‘मावशी, घरी फोटो न्हाई का त्याचा?’

‘फोटू हाय. फोटू हालत न्हाई. भाच्याच्या मोबाइलमधी हाय एक, वरातीत नाचतोय, पर पाठमोरा.’ मग ती म्हणाली, ‘तोंड बघायचं ऱ्हायलंय, आबा.’

आमच्याकडे स्मशानात लाकडं रचून झाली की पेटवायच्या आधी कुणीतरी मोठ्याने पुकारतं, कुणाचं तोंड बघायचं राहिलंय का. मग चेहऱ्यावरचं कापड बाजूला करतात आणि लांबून आलेली लेक, उशिरा पोचलेला भाऊ, पुढे होऊन शेवटचं बघून घेतात. बघायचं राहिलेला माणूस असेल तर अग्नी थांबवतात. गावोगावच्या मयतांमध्ये हा पुकारा बहुतेक वेळा आबाच द्यायचे, आवाज दणदणीत म्हणून. आणि इथे तोंडावर कापड त्यांनीच टाकून ठेवलं होतं.

‘मॅडम,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘धुकं काढा.’

‘निघत नाही, आबा. मूळ प्रत पुसलीय.’

मला त्या क्षणी आबांचा इतका राग आला की त्यांना काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं. पण त्यांचं तोंड बघून बोलले नाही. त्यांनी पंचा काढून ठेवला, एरवी डिकीत असते ती पांढरी टोपी त्या दिवशी टेबलावर होती, ती घातली आणि म्हणाले, ‘चला, मावशी.’

‘कुटं?’

‘बाजारात. चिक्कीच्या दुकानात.’

ती उठेना. ‘सुतकात बाजारात कशी येऊ? लोक नावं ठिवतील.’

‘मला ठिवतील. तुमी माझ्या मागनं चाला.’

शनिवार होता. बाजारपेठ मुंबई-पुण्याच्या लोकांनी फुललेली. आबा पुढे, मावशी मागे, तिच्या मागे मी. पावसाळी टोप्या घातलेल्या पोरांच्या घोळक्यातून आबा हाताने वाट काढत होते. या वेळी त्यांनी रस्ता ओलांडला नाही. दुकानात ही गर्दी, मोठ्याने गाणं, आणि गल्ल्यावरच्या टीव्हीत हिरवागार डोंगर.

शेठने आबांना बघितलं आणि त्याला आनंदच झाला. ‘या, या. डोंगर दिसतोय हं आबा, डोळे मिटून घ्या.’

आबा गल्ल्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी दोन वाक्यं बोलले. शेठचा चेहरा उतरला. त्याने आधी मावशीकडे बघितलं, मग टीव्हीकडे, आणि घाईघाईने रिमोट शोधायला लागला.

‘मला काय माहीत, आबा. बंद करतो, आत्ता बंद करतो. गेलेला पोरगा माझ्या दुकानात चिक्की खातोय, वर हे गाणं. किती वाईट दिसतं ते.’

हे वाक्य आबांचं होतं. आठवडाभर मी तेच ऐकत होते. आबांनी शेठच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि खिशात टाकला.

‘ऱ्हाऊ दे चालू,’ ते म्हणाले.

मावशी टीव्हीच्या खाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघायला लागली. वाऱ्याने त्याचे केस उडत होते. त्याने चिक्की दाताखाली धरली, तुटली नाही, तो हसला, बोलला, आणि परत पहिल्यापासून. तिच्या पुढ्यातूनच लोक बरणीकडे हात नेत होते. आबा तिच्या आणि गर्दीच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक जण म्हणाला, ‘अंकल, साइड.’

‘थांबा जरा. मयताचं दर्शन चाललंय,’ आबा म्हणाले.

त्या माणसाने आजूबाजूला बघितलं. मयत कुठे दिसेना. पण आबांच्या टोपीत आणि आवाजात काहीतरी असं होतं की त्याने गॉगल काढला आणि बायकोलाही मागे ओढलं. मग त्याच्या मागचे थांबले. चिक्कीच्या दुकानात शनिवारी रांग थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. शेठचे नोकर तराजूत अर्धवट चिक्की टाकून तसेच उभे.

मावशी बराच वेळ बघत होती. मला वाटलं आता ही रडेल, आणि मला स्वतःला तर रडू केव्हाचं आलं होतं. ती मात्र शेठकडे वळली.

‘खोटं खातोय,’ ती म्हणाली. ‘गोड आवडत न्हाई त्याला, ल्हानपनापासनं. च्या बी बिनसाकरेचा लागतो. बघा तोंड कसं केलंय. तुमच्यासाठनं खातोय.’

मीही नीट बघितलं. खरंच होतं ते. चिक्की दाताखाली धरण्याआधी तो अगदी थोडं तोंड वाकडं करायचा. आबांनी ते मुकंसुद्धा बघितलं होतं, आणि मी तर त्याच्या अंगावर धुकं पसरताना कितीदा बघितलं होतं, पण आम्हा दोघांनाही ते दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी तो तोंड वाकडं करायला आला तेव्हा मावशीला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली. आबांनी गर्दीपुढे पसरलेले हात तसेच ठेवले.

जाहिरात पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. मग आबांनी खाली वाकून, स्मशानात विचारतात तसं तिला विचारलं, ‘मावशी, झालं का बघून?’

‘न्हाई,’ ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

आबांनी शेठकडे खुर्ची मागितली. शेठने गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि मावशी तिच्यावर नीट टेकून बसली.